टेनिस बॉलवरचं कापड: टाका एकही नाही, मग बसतं कसं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या घरी कुत्र्याने मुलाचा टेनिस बॉल फाडला. पिवळं कापड अर्धवट सोलून निघालं आणि आतून गुळगुळीत, काळपट रबरी गोळा दिसला. त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. गोल बॉलवर एकही चुणी न पडता हे कापड चढवतात कसं? ती पांढरी वळणदार रेघ म्हणजे शिवण का? आणि निघालेलं कापड परत चिकटवता येईल का?

मी रबर टेक्नॉलॉजी शिकलेला माणूस. उत्तर भारतातल्या एका बॉलच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कव्हरिंग खात्यात, म्हणजे नेमकं हेच कापड चढवायच्या कामात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी पांढऱ्या रेघेचं सांगतो, कारण सगळ्यांचा गैरसमज तिथेच होतो. ती शिवण नाही. तिच्यात दोरा नाही, टाका नाही, आणि ती वरून मारलेली रंगाची पट्टीही नाही. तो गोंद आहे, आणि हा गोंद म्हणजे रबरच. कापडाच्या दोन तुकड्यांच्या कडा जिथे एकमेकींना भिडतात तिथे तो दोन्ही कडांना लावलेला असतो. गरम साच्यात तो शिजतो आणि घट्ट होतो. कारखान्यात आम्ही सवयीने त्याला ‘सीम’ म्हणायचो, मराठीत शिवणच म्हणू, पण सुईचा संबंध नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियमही तसाच आहे: बॉलचं बाह्य आवरण कापडाचं आणि सगळीकडे सारखं हवं, सांधे असलेच तर ते बिनटाक्यांचे हवेत.

सुरुवातीला मात्र टाकेच होते. इंग्लंडमध्ये १८७४ साली मेजर विंगफिल्ड यांनी लॉन टेनिसचा संच विकायला काढला तेव्हा त्यातले बॉल नुसते रबराचे, पोकळ होते. हिरवळीवर ते उसळायचे छान, पण ओल्या गवतावरून घसरायचे आणि बॅटवर नीट धरायचे नाहीत. जॉन मॉयर हीथकोट हे जुन्या, बंदिस्त कोर्टातल्या टेनिसचे नावाजलेले खेळाडू. त्यांनी त्या रबरी बॉलवर पांढरं फ्लॅनेल चढवून पाहिलं. ते फ्लॅनेल शिवलं त्यांच्या पत्नीने. प्रयोग जमला आणि तेव्हापासून टेनिसचा बॉल कपडे घालून हिंडतो आहे. पुढे फ्लॅनेलच्या जागी जाड, लोकरी मेल्टन कापड आलं आणि टाक्यांच्या जागी रबराचा गोंद. टाके जाणं अटळच होतं. दोरा कापडाच्या पातळीच्या वर राहिला की तिथे आधी घासतो, आणि एक टाका तुटला की पुढचे दहा सैल होतात.

आता चुणी का पडत नाही ते.

एखादं फडकं घ्या आणि मोसंब्यावर गुंडाळून पाहा. कसंही गुंडाळा, कुठेतरी कापड गोळा होतंच. सपाट वस्तू गोलावर ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय बसत नाही, हा भूमितीचाच नियम आहे. पहिला विचार येतो की दोन गोल चकत्या कापाव्यात, एक वरून घालावी, एक खालून, आणि मधोमध जोडाव्यात. हिशेब करून पाहा. अर्ध्या गोलाला झाकायला चकतीची त्रिज्या बॉलच्या त्रिज्येच्या १.५७ पट लागते. तेवढ्या चकतीचा परीघ बॉलच्या मधल्या परिघापेक्षा ५७ टक्के जास्त भरतो. एवढं जास्तीचं कापड कडेला कुठे जाणार? परकराच्या नेफ्यासारख्या चुण्या पडणार.

म्हणून तुकडा चकतीसारखा नसतो, डमरूसारखा असतो: दोन टोकांना गोल कान, मध्ये बारीक कंबर. आमच्याकडचे कारागीर त्याला डमरूच म्हणायचे, कागदोपत्री तो ‘ब्लँक’. एका बॉलला असे दोन डमरू लागतात आणि दोन्ही अगदी एकसारखे. पहिल्याची कंबर बॉलच्या पोटावर टेकवायची. त्याचे दोन कान वरून आणि खालून पाठीमागे वळवायचे. पाठीवर ते एकमेकांना भिडत नाहीत, मध्ये एक पट्टा मोकळा राहतो. त्या पट्ट्यात दुसऱ्या डमरूची कंबर आडवी बसते, आणि त्याचे कान डावी-उजवीकडून पुढे येऊन पहिल्याच्या कंबरेला मिठी मारतात. एकाचा फुगीर कान दुसऱ्याच्या खोलगट कंबरेत. पहिल्याची कड कुठेही स्वतःला भेटत नाही, सगळीकडे दुसऱ्यालाच भेटते. म्हणून त्या बॉलवर शिवण एकच असते, सुरुवात नाही, शेवट नाही. बोट ठेवून फिरवत राहा, बॉलभर भटकून त्याच जागी याल.

या आकारात कापडाला कुठेच फार छळावं लागत नाही. कंबरेच्या खोलगट कडेला थोडं ताणावं लागतं, कानाच्या कडेला थोडं दाबून घ्यावं लागतं. जाड, लवचीक लोकरी कापड तेवढं निमूटपणे सोसतं. आमच्या खात्यात नवीन पोरगा आला की मी त्याला हेच सांगायचो: आपण स्टिकर चिकटवत नाही, आपण अंगाबरोबर बसणारी चोळी चढवतोय. मापाला कापलेली हवी, आणि ताण कुठल्या दिशेला जाणार ते कापायच्या आधी ठरलेलं हवं.

आणि इथेच कापडाची जात महत्त्वाची ठरते. लोकांना वाटतं, वरचं ते मऊ काहीतरी म्हणजे सगळं एकच. तसं नाही.

चांगल्या बॉलचं कापड विणलेलं असतं. ताण्याला, म्हणजे उभा, सुती धागा, बाण्याला, म्हणजे आडवं, लोकर आणि नायलॉन मिसळून काढलेलं सूत. वीण अशी घेतात की बाण्याचं लोकरी सूत जास्तीत जास्त दर्शनी बाजूला यावं आणि सुती ताणा पाठीला लपावा. मागावरून उतरलं तेव्हा हे कापड अगदीच सामान्य दिसतं, विरळ आणि खरखरीत. जादू पुढे होते. त्याला ओलं करून, गरम करून, मळून आणि रगडून आटवतात. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात, वॉशिंग मशीनमध्ये गेला तर तो लहान, जाड आणि घट्ट होऊन निघतो. घराघरांत एकदा तरी हा अपघात झालेला असतो. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, ऊब आणि घर्षण मिळालं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. घरात जो अपघात, तोच गिरणीत उद्योग. नंतर कापडाला ब्रशने विंचरून लव उभी करतात. वीण आता दिसतही नाही, नुसती मऊ लव दिसते, पण खाली विणीचा सांगाडा असतो आणि मार खातो तो तोच.

नायलॉन का? टिकण्यासाठी. शुद्ध लोकर सिमेंटच्या कोर्टावर लवकर झिजते. दुसरा फायदा रंगाचा: लोकर आणि नायलॉन दोघांनाही आम्लधर्मी रंग धरतात, त्यामुळे एकाच भांड्यात दोघं एका छटेचे निघतात. सुती धाग्याला हे रंग नीट धरत नाहीत. चकाकणारा पिवळा रंगही इथेच चढतो. तो अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या प्रकाशात परत देतो, म्हणून तो बॉल उजेडात पेटल्यासारखा भासतो. टेनिस आधी पांढऱ्या बॉलने खेळायचे. रंगीत टीव्हीवर पांढरा बॉल नीट दिसेना, म्हणून १९७२ मध्ये महासंघाने पिवळ्याला मान्यता दिली. विम्बल्डनने पांढरा सोडायला १९८६ उजाडू दिलं. त्यांच्या परंपरेचा तो वेग धरला तर घाईच केली म्हणायची.

दुसरी जात म्हणजे न विणलेला, सुयांनी टोचून केलेला फेल्ट. तंतूंचा थर पसरतात आणि बारीक काटे असलेल्या शेकडो सुया वरखाली मारून तंतू एकमेकांत गुंतवतात. काश्मिरी नमदा पाहिला असेल तर कल्पना येईल, फक्त नमदा पाणी-साबणाने मळून होतो आणि हा सुयांनी. हा स्वस्त पडतो, सगळ्या दिशांना जवळपास सारखा ताणतो, त्यामुळे चढवायला खरं तर सोपा. सरावाचे बॉल आणि खेळण्यातले बॉल बहुधा याचेच. घासला की त्याचे पुंजके निघतात. विणलेला तसा विस्कटत नाही, तो एकसारखा टकला होत जातो.

या कापडाची नाळ इंग्लंडमधल्या ग्लुस्टरशर परगण्यातल्या स्ट्राउड गावाशी आहे. तिथल्या गिरण्यांनी ब्रिटिश सैनिकांच्या लाल डगल्यांचं कापड विणलं, स्नूकरच्या टेबलांचं हिरवं कापड विणलं आणि टेनिस बॉलचंही. स्लेझेंजर कंपनी १९०२ पासून विम्बल्डनला बॉल पुरवते. तिचा इंग्लंडमधला बार्नस्लीचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला आणि काम फिलिपिन्समधल्या बाटानला गेलं. वॉरविक बिझनेस स्कूलच्या मार्क जॉन्सन यांनी या बॉलच्या प्रवासाचा हिशेब मांडला होता. न्यूझीलंडची लोकर स्ट्राउडला जाऊन तिचं कापड होतं, ते कापड बाटानला जातं, तिथे ते इतर देशांतून आलेल्या रबर, गंधक, चिकणमाती वगैरे मालाला भेटतं, आणि तयार बॉल परत लंडनला. सगळं मिळून पन्नास हजार मैलांवर, म्हणजे ८०,००० किलोमीटरच्या पुढे. कापडासाठी माणसं एवढी धडपड करतात यावरून त्याची किंमत लक्षात यावी. आमच्याही हिशेबात बॉलमधला सगळ्यात महाग भाग रबर नव्हे, हे कापडच होतं.

म्हणून कापणीला फार जपायचं. ठाणाच्या पाठीवर आधी रबराच्या गोंदाचा थर देऊन तो सुकवून घेतलेला असतो. मग डमरूच्या आकाराची पोलादी डाय प्रेसखाली दाबून तुकडे पाडायचे. डमरू एकमेकांच्या कुशीत बसवता येतात, एकाचा कान दुसऱ्याच्या कंबरेत, तशी मांडणी केली की चिंध्या कमी निघतात. पण इथे एक मोह आवरावा लागतो. विणलेलं कापड उभं एक ताणतं, आडवं दुसरं आणि तिरकं सगळ्यात जास्त. आमच्याकडे डाय कापडाला तिरकी धरत. एकदा चिंधी वाचवायला एका साहेबांनी ती सरळ करून पाहिली. ठाणामागे बरेच तुकडे जास्त निघाले आणि साहेब खूश झाले. चढवायला घेतले तर एका कानाच्या कडेला बारीकशी चुणी आणि कंबरेशी कापड अपुरं, तिथे पांढरी रेघ बोटाएवढी रुंद. वाचवलेल्या कापडाच्या दुप्पट बॉल मोडीत गेले. डाय परत तिरकी झाली.

कापलेले डमरू नंतर एकावर एक रचतात, पत्त्यांच्या कॅटसारखे, आणि शिकंज्यात दाबून धरतात. मग त्या गठ्ठ्याच्या फक्त कडेला पांढरा गोंद लावायचा. सुकला की तुकडे सुटे करायचे. अशा रीतीने प्रत्येक डमरूला काठ मिळतो, साडीच्या काठासारखा. बॉलवर जी पांढरी रेघ दिसते ती या दोन काठांची भेट.

दुसरीकडे कोअर, म्हणजे आतला रबरी गोळा, तयार होत असतो. दोन वाट्या साच्यात शिजवून एकमेकींना जोडतात, आत वातावरणापेक्षा जास्त दाब ठेवून. तो विषय वेगळा आहे, त्यात शिरत नाही. कव्हरिंगपुरतं एवढंच की गोळा साच्यातून निघतो तेव्हा गुळगुळीत असतो आणि गुळगुळीत रबराला काहीही धरत नाही. म्हणून आधी तो घासून खरबरीत करतात, मग गोंदात बुडवून सुकवतात.

हा गोंद काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना जे ‘सोल्युशन’ लावतात त्याचाच मोठा भाऊ: नैसर्गिक रबर पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळवलेलं, त्यात ते शिजावं म्हणून गंधक वगैरे. आता बऱ्याच ठिकाणी पाण्यातला लॅटेक्स वापरतात, आणि ते चांगलंच आहे, कारण द्रावकाच्या वाफेने डोकं दुखतं आणि ठिणगीची कायम भीती असते. पण तत्त्व पंक्चरवाल्याचंच: दोन्ही बाजूंना लावा, लगेच चिकटवू नका, सुकू द्या. पंक्चरवाला फुंकर मारतो, बोटाने चाचपतो आणि मगच पॅच ठेवतो. ओल्यावर ठेवला की पॅच सरकतो.

या ‘सुकू द्या’वर माझा सगळ्यात वाईट पावसाळा गेला आहे.

जुलैचे दिवस होते. सकाळच्या पाळीचे बॉल दुपारी तपासायला घेतले, तर दहातल्या दोन-तीन बॉलांची शिवण नखाने उघडत होती. गोंदाची बॅच बदलली, तेच. साच्याचं तापमान वाढवलं, तेच. दुपारच्या पाळीचे बॉल मात्र ठीक. शेवटी आमच्या जुन्या मुकादमाने एक कोअर हातात घेतला आणि उजेडाकडे तिरका धरला. गोंदाच्या थरावर अगदी हलकी धुरकट झाक होती, थंडीत आरशावर श्वास सोडल्यासारखी. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, तो भाग गार पडतो, आणि सकाळची हवा दमट असली की त्या गार थरावर बाष्प धरतं. पाण्याचा इतका पातळ पापुद्रा की हाताला कळत नाही. पण रबराला रबर भेटायच्या आधी मध्ये पाणी भेटतं, आणि पुढे साच्यात कितीही शिजवा, ते दोन थर एकजीव होत नाहीत. दुपारी हवा जरा कोरडी व्हायची, म्हणून दुपारचे बॉल बरे. उपाय साधा होता: सुकवायच्या खोलीत गरम हवा खेळवायची आणि भिंतीवर आर्द्रतामापक लावायचा. काटा ठरलेल्या खुणेच्या वर असेल तर काम थांबवायचं. थांबवायची परवानगी मिळवायला मात्र उपाय शोधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

तो मुकादम गोंद तयार झाला की नाही ते बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूने पाहायचा. टेकवल्यावर कातडी किंचित ओढली गेली पाहिजे, पण डाग लागता कामा नये. बोटाची पुढची बाजू कधीच लावायची नाही, तिच्यावर घाम आणि तेल असतं. यंत्रं आली तरी मी ही परीक्षा सोडली नाही.

आता प्रत्यक्ष चढवणं. यात दोन प्रकार. हाताने करणारा कारागीर डाव्या हातात कोअर धरतो, उजव्याने डमरूची कंबर टेकवतो, अंगठ्याने मधून कानाकडे दाबत जातो, मग बॉल उलटा फिरवून पाठीवर दुसरा डमरू आडवा. दोन्ही गोंद सुकलेले पण चिकट असतात, त्यामुळे टेकलं की टेकलं, उचलून परत बसवायची सोय नाही. कापड मुद्दाम किंचित लहान कापलेलं असतं, कारण ते ताणून बसवायचं असतं. ढिलं बसलं तर शिवणीपाशी गोळा होतं. सरावलेल्या हाताला हे पाहता पाहता जमतं. मला नऊ वर्षांत कधीच तेवढं जमलं नाही, हे कबूल करतो. दुसऱ्या प्रकारात यंत्र दोन्ही डमरू आणि कोअर यांना एका ठरलेल्या कोनात धरतं आणि दाबून गुंडाळतं. मोठे कारखाने यंत्रावरच चालतात. पण यंत्राला डमरू सरळ भरवला गेला की नाही हे बघायला माणूस लागतोच. एक मिलिमीटर इकडे झाला तर समोरच्या बाजूला तो दोन होऊन दिसतो.

मग बॉल गरम साच्यात जातो. दोन अर्ध्या वाट्या बंद होतात, कापड चहूबाजूंनी दाबलं जातं, गोंद शिजतो आणि कडेचा पांढरा काठ एकसंध रबर बनतो. यात एक गंमत आहे. कोअरच्या आत दाबाखाली हवा असते आणि गरम केल्यावर तो दाब आणखी वाढतो. साच्याने बॉल धरून ठेवलेला असतो म्हणून काही होत नाही. तो गरम असतानाच साचा उघडला तर बॉल फुगतो आणि ताज्या शिवणीवर ताण येतो. म्हणून आधी थंड होऊ द्यायचा, मग बाहेर काढायचा. घाईने उघडलेले बॉल मी हातात घेतलेत: मापाला मोठे, आणि रेघेवर केसासारखी भेग. मापात फार सूट नसते. व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर, वजन ५६.० ते ५९.४ ग्रॅम. म्हणजे कोअर, कापड, गोंद सगळं धरून वजनात चुकायला जागा ३.४ ग्रॅमची. गोंदाचा हात जड झाला तरी बॉल बाद होऊ शकतो.

साच्यातून निघालेला बॉल पाहिला तर तो टेनिस बॉल वाटणार नाही. कापड इस्त्री केल्यासारखं दबलेलं, कडक, चकचकीत. त्याला फुलवावं लागतं. बॉल वाफेच्या पिंपात घालून फिरवतात. वाफ लोकरीत शिरली की दबलेले तंतू परत उभे राहतात आणि बॉल गुबगुबीत होतो. मग शिक्का, तपासणी आणि डबा. दाबाच्या बॉलचा डबाही आतून दाबाखाली बंद केलेला असतो, उघडताना फुस्स होतं ते त्यामुळे. कापड हवा धरत नाही, हवा धरायचं काम रबराचं. उघड्यावर महिनाभर पडलेला बॉल मेलेला असतो, वरचं कापड कितीही नवं दिसो.

एवढा खटाटोप नुसत्या दिसण्यासाठी नाही. गोल्फ बॉलवरचे खळगे हवेचा अडथळा कमी करतात, टेनिस बॉलवरची लव तो वाढवते. नासामध्ये काम केलेल्या रबींद्र मेहता यांनी क्रिकेट बॉलच्या स्विंगप्रमाणे टेनिस बॉलचाही वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, बॉलच्या आकाराचा अडथळा असतोच, पण त्याखेरीज प्रत्येक उभा तंतू हवेत आपापला अडथळा उभा करतो. म्हणून लव फुललेला बॉल हळू जातो, लव बसलेला वेगाने जातो. सर्व्हिस करण्याआधी खेळाडू तीन-चार बॉल हातात घेऊन निरखतो आणि एखादा परत टाकतो. तो बहुतेक वेळा जास्त फुललेला बॉल टाकत असतो, पहिल्या सर्व्हिसला चापून बसलेला हवा म्हणून. मोठ्या स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बॉल बदलतात, तेही बरंचसं कापडासाठीच. सिमेंटच्या कोर्टासाठी भरदार कापड, मातीसाठी घट्ट आणि पातळ, नाहीतर लवेत लाल माती भरून बॉल जड होतो.

आपल्याकडे टेनिस बॉल टेनिसपेक्षा क्रिकेटलाच जास्त लागतो. ठाणे-रायगडच्या मैदानांवर तर टेनिस बॉल क्रिकेटचं स्वतंत्र राज्यच आहे, आणि २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर त्याची इंडियन स्ट्रीट प्रीमिअर लीगसुद्धा झाली. या क्रिकेटसाठीचा जड बॉल बनवताना रबराची भिंत जाड घेतात, पण डमरू, काठ, सोल्युशन, साचा, सगळं तेच. ते कापड सिमेंटच्या पिचवर आणि बॅटच्या माराखाली टेनिसपेक्षा कितीतरी लवकर टकलं होतं. एका बाजूची लव मुद्दाम घासून टाकणारे गोलंदाज मी पाहिले आहेत. अडथळा दोन बाजूंना वेगळा झाला की बॉल वळतो. शास्त्र बरोबर आहे, खिलाडूवृत्तीचं ज्याचं त्याने बघावं.

राहिला तिसरा प्रश्न. कापड पूर्ण निघालं असेल तर नादी लागू नका. घरात साचा नाही आणि ताण देता येणार नाही. पण अर्धं निघालं असेल आणि कुत्र्याचे दात रबरात घुसले नसतील, तर जमेल. बॉल आपल्या कानाशी धरून दाबा, हवा सुटल्याचा आवाज आला तर तो गेला. नाही आला तर पुढे चला. झटपट सुकणारा गोंद लावू नका, तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच टप्प्याला तडकतो. सायकलच्या दुकानातून सोल्युशनची ट्यूब आणा. रबर आणि कापडाची पाठ दोन्ही पॉलिश पेपरने हलके घासा, पुसून कोरडे करा. दोन्हीकडे पातळ थर लावा आणि दहा मिनिटं हात लावू नका. पावसाळा असेल तर पंख्याखाली नको, उन्हात किंवा आगीपासून लांब, उबदार जागी ठेवा. मग पेराच्या मागच्या बाजूने चाचपा, वर सांगितलं तसं. कंबरेकडून कानाकडे दाबत या, कापड जरा ओढून धरा. काठाला काठ भिडला की जुन्या ट्यूबच्या पट्टीने बॉल करकचून बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पट्टी सोडाल तेव्हा तिथलं कापड चपटं आणि कडक दिसेल. चहाच्या भांड्याच्या वाफेवर चिमट्याने अर्धा मिनिट धरा आणि तळहाताने उलटसुलट चोळा, लव परत उभी राहील.